आधी हात, मग रंग, नाव सगळ्यात शेवटी

रविवारी दुपारी कोथरूडला आमच्या घरी सेंटर टेबल भिंतीला लागतं, हॉलमध्ये रद्दी पसरली जाते आणि पाच-सहा मोठी माणसं मांडी घालून रंगवायला बसतात. बोलता येत नाही ते कागदावर यावं, एवढाच उद्देश. पहिल्या दिवशी बहुतेकांच्या कागदावर काय येतं? दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नागमोडी नदी, काठावर झोपडी आणि वर चार-पाच पक्षी. ज्यांच्या कागदावर हे येत नाही ते विचारतात, “राग दाखवायचाय, म्हणजे लाल घेऊ ना?”

दोन्हीत चूक एकच आहे. काय काढायचं ते आधी ठरवलं, मग हात चालवला. असं केलं की आधीपासून ठाऊक होतं तेवढंच कागदावर येतं आणि न बोललेलं होतं तिथंच राहतं. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाकडे बघा. ते आधी भरपूर गिरगटतं, मग जरा मागे सरकून त्या गिरगाट्याकडे बघतं आणि सांगतं, “हा हत्ती.” दहा मिनिटांनी त्याच हत्तीची बस होते. हात आधी, नाव नंतर. खालच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमासाठी आहेत, त्यामुळे त्या वर-खाली करू नका.

मी चित्रकला शिकवत नाही आणि मानसोपचारही करत नाही. इतक्या रविवारी लोक कुठे अडखळतात ते बघितलंय, ते लिहितोय.

तयारी

अर्ध्याअधिक बैठका बिघडतात त्या तयारीतच, म्हणून इथे जरा रेंगाळू.

*वेळ.* सलग पाऊण तास ते एक तास हवा. दुपारी एक ते चार या वेळेवरून पुण्याची पुष्कळ चेष्टा होते, पण या कामाला तीच वेळ उत्तम. बेल वाजत नाही, फोन येत नाही आणि खिडकीतून भरपूर उजेड असतो. रात्री बसू नका. पिवळट दिव्याखाली पांढऱ्या कागदावरचा पिवळा रंग दिसत नाही, शिवाय ढवळलेलं मन घेऊन झोपायला जावं लागतं.

*जागा.* जमीन. टेबलाशी बसलं की हात मनगटातून हलतो आणि मनगटाला अक्षर काढायची सवय असते. जमिनीवर वाकलं की तो खांद्यातून हलायला लागतो. गुडघे साथ देत नसतील तर कपाटाच्या दाराला मास्किंग टेपनं कागद चिकटवा आणि उभ्यानं रंगवा. मात्र तिथे रंग घट्ट ठेवा, नाहीतर ओघळ फरशीवर येतील.

*कागद.* प्रिंटरचा कागद साधारण ७५ जीएसएमचा (एका चौरस मीटरला इतके ग्रॅम) असतो. तो ओला झाला की सुरकुततो आणि दुसऱ्यांदा ब्रश फिरवला की त्याचे बोळे निघतात. १५० जीएसएम किंवा त्याहून जाड कार्ट्रिज पेपर घ्या, आकार निदान ए-थ्री, म्हणजे २९७ बाय ४२० मिलिमीटर. २२ बाय ३० इंचांचा पूर्ण ताव आणून अर्धा कापला तर अजून बरं. एका बैठकीला चार-पाच कागद हाताशी हवेत, एकच असला तर तो उत्तरपत्रिका होऊन बसतो. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागद फार देखणा असतो, नेमका म्हणूनच तो इथे नको. कागद वाया जाईल ही भीती मनात आली की हात आखडला म्हणून समजा.

*रंग.* पोस्टर कलरच्या पाच बाटल्या: लाल, पिवळा, निळा, पांढरा, काळा. चोवीस बाटल्यांचा डबा आणला की माणूस रंगवायचं सोडून छटा निवडत बसतो. पांढरा मोठ्या बाटलीत घ्या, तो सगळ्यात आधी संपतो. तैलरंग नकोत. ते दिवसेंदिवस वाळत नाहीत आणि बंद खोलीत टर्पेंटाइनच्या वासानं डोकं धरतं.

*ब्रश.* हार्डवेअरच्या दुकानात दारं-खिडक्या रंगवायला मिळतो तो एक इंची चपटा ब्रश आणि दहा किंवा बारा नंबरचा एक गोल. घरात शून्य नंबरचा ब्रश असेल तर तो दुसऱ्या खोलीत ठेवा. तो हातात आला की डोळ्यांच्या पापण्या काढण्याचा मोह आवरत नाही.

*बाकी.* पाण्याचे दोन मग, एक ब्रश धुवायला आणि एक रंगात घालायला. जुन्या टी-शर्टच्या चिंध्या. मेणखडू, तुटके चालतील. लाइट गेल्यावर लावायला ठेवलेली एक पांढरी मेणबत्ती.

पेन्सिल, खोडरबर, पट्टी आणि मोबाइल खोलीत आणायचे नाहीत. मोबाइल गाण्यांसाठीसुद्धा नाही. “घोडा कसा दिसतो ते जरा बघते” म्हणून हातात घेतलेला फोन अर्ध्या तासानं खाली ठेवला जातो.

खरेदीला अप्पा बळवंत चौक सोयीचा, फक्त जूनचा पहिला पंधरवडा टाळा. शाळेच्या वह्या-पुस्तकांच्या गर्दीत कागदाची जाडी बघायला दुकानदार तुम्हाला उसंत देणार नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

*घरच्यांशी करार.* हा सगळ्यात महत्त्वाचा आणि हाच सगळ्यात जास्त विसरला जातो. बैठक चालू असताना आणि नंतरही कुणी “हे काय काढलंयस?” असं विचारायचं नाही. “छान झालंय” असंही म्हणायचं नाही. कौतुकानं उलट जास्त नुकसान होतं, कारण पुढचं चित्र कौतुकासाठी निघतं.

तपासणी: समोरच्या कागदावर आत्ता मग सांडला तर जीव हळहळेल का? हळहळणार असेल तर कागद बदला.

पायरी १: हातवळणीचं चित्र काढून टाका (५ मिनिटं)

डोंगर-सूर्य-झोपडी दाबून ठेवू नका, काढून मोकळे व्हा. पाठकोऱ्या कागदावर मेणखडूनं, पाच मिनिटांत. प्रत्येकाचं हातवळणीचं चित्र वेगळं असतं. कुणाचा एका रेघेतला गणपती, कुणाचं रांगोळीतलं कमळ, कुणाच्या वारली बाया. जे आपोआप येतं ते येऊ द्या आणि कागद बाजूला ठेवा.

एलिमेंटरी-इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्यांना ही पायरी दोनदा करावी लागते. मला इंटरमीजिएटला ‘ए’ ग्रेड होती आणि तिथंच गोची झाली. पहिल्यांदा बसलो तेव्हा एका नातेवाइकावरचा साठलेला संताप काढायचा होता. तासाभरानं कागदावर अॅल्युमिनियमची किटली होती, तिच्या पोटावर उजेडाचा पांढरा ठिपका अगदी जिथल्या तिथे. संताप तसाच.

तपासणी: चित्र बघून कुणीही “वा” म्हणेल असं वाटलं तर ते हातवळणीचं आहे. बाजूला.

पायरी २: हात सैल करा (७-८ मिनिटं)

रंग अजून उघडायचे नाहीत, मेणखडूच वापरायचे. आधी डाव्या हातानं दोन मिनिटं गिरगटा (डावखुरे असाल तर उजव्या). मग दोन्ही हातांत दोन खडू घेऊन एकदम. मग डोळे मिटून. शेवटी खडू आडवा धरून, त्याची कूस कागदावर घासत. तोंडानं आवाज निघाले तर निघू द्या. मुलं गाडी काढताना घर्रघर्र करतात, ती उगीच नाही. हात आणि आवाज एकत्र सुटतात.

इथली नेहमीची चूक म्हणजे नक्षी. दुसऱ्याच मिनिटाला हात लयीत येतो आणि पाकळीला पाकळी, ठिपक्याला ठिपका सुरू होतं. ठिपक्यांच्या रांगोळीत वाढलेल्या हातांचं हे हमखास होतं. नक्षीनं बरं वाटतं, नाही म्हणत नाही. पण शांत वाटणं वेगळं आणि मोकळं होणं वेगळं, आणि आज आपण मोकळं होण्यासाठी बसलोय. नक्षी दिसली की हात बदला.

तपासणी: खांदे कानांपासून खाली आलेत का? रेघ कुठे दाट, कुठे फिकी, कुठे कागदाबाहेर रद्दीवर गेली आहे का? गेली असेल तर पुढे चला.

पायरी ३: प्रसंग धरा, भावना धरू नका (३ मिनिटं)

“आज मी माझं दुःख काढणार” असं म्हणून बसणाऱ्याला बहुधा काहीच सापडत नाही. छोटा, ताजा, एकच प्रसंग घ्या. बॉसनं सगळ्यांसमोर नाव चुकीचं घेतलं. सासूबाई फोनवर “असू दे, आम्ही करतो” म्हणाल्या. मुलानं दार लावून घेतलं. तुम्ही काही बोलला नाहीत आणि विषय तिथेच राहिला, असा कुठलाही.

आता डोळे मिटा आणि तो प्रसंग अंगात कुठे बसलाय ते शोधा. आपल्या भाषेनं यातलं अर्धं काम करून ठेवलंय: पोटात गोळा येतो, घशात आवंढा अडकतो, छातीवर दडपण असतं, डोक्यात तिडीक जाते, तळपायाची आग मस्तकात जाते. तुमचं कुठे आहे? जागा सापडली की पुरे.

सावधान: वाक्प्रचाराचंच चित्र काढायचं नाही. पोटात गोळा म्हणून पोट काढून त्यात चेंडू काढला की भिंतीवर लावायचा तक्ता तयार होतो. जागा फक्त हाताला माहीत असू द्या.

आणखी एक. पहिल्या दोन-तीन बैठकींना आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख घेऊ नका. पोहायला शिकताना खडकवासला धरणात उडी मारत नाही, तसंच.

पायरी ४: रंग न बघता उचला

बाटल्यांची जागा बदला, डोळे मिटा, हात जिथे पडेल ती बाटली पहिली. दुसरी डोळे उघडून, पण तीन सेकंदांच्या आत.

लाल म्हणजे राग, निळा म्हणजे शांत, काळा म्हणजे दुःख, हा रंगांचा शब्दकोश दाराबाहेर ठेवा. आमच्याकडे येणाऱ्या एका ताईंचा राग कायम पोपटी निघायचा. भावांनी न विचारता विकलेल्या घराच्या खिडक्या पोपटी होत्या, हे त्यांचं त्यांनाच चौथ्या रविवारी उमगलं. पहिल्याच दिवशी लाल घेतला असता तर त्या खिडक्या आल्याच नसत्या.

दोन रंग वाटीत काढा. एक दह्याइतका घट्ट ठेवा, दुसऱ्यात पाणी घालून ताकाइतका पातळ करा. घट्ट रंग झाकतो आणि पातळ रंगातून खालचं दिसतं, दोन्ही लागणार आहेत.

पायरी ५: मुलांच्या चार नियमांनी रंगवा (२० मिनिटं)

इथे गैरसमज फार. लहान मुलासारखं म्हणजे मुद्दाम वेडंवाकडं काढायचं, असं वाटून लोक डोळे तिरपे, हात काड्यांसारखे काढतात आणि हसतात. कुठलंच मूल मुद्दाम वाकडं काढत नाही. ते जीव लावून, जीभ बाहेर काढून, अगदी बरोबर काढत असतं, फक्त त्याचे नियम वेगळे असतात. शाळेत ते नियम चूक म्हणून खोडून काढले गेले. आपल्याला ते परत वापरायचे आहेत.

पहिला नियम: महत्त्वाचं ते मोठं. अंतर, प्रमाण काही नाही. ओरडणाऱ्या माणसाचं तोंड घराएवढं असू शकतं. गप्प राहिलेले तुम्ही तांदळाएवढे असू शकता. कागदावर किती जागा द्यायची ते हाताला ठरवू द्या.

दुसरा नियम: भिंती आरपार दिसतात. मूल बाहेरून घर काढतं आणि आतला पंखा, पलंग, पलंगावरची आजीही काढतं. आईच्या पोटातलं बाळ काढतं. तुमच्या प्रसंगात काय झाकलेलं होतं? बंद दारामागे काय होतं, हसऱ्या चेहऱ्याच्या आत काय होतं? दोन्ही एकदम काढा. इथेच तो ताकासारखा पातळ रंग कामाला येतो.

तिसरा नियम: सगळ्या बाजू एकाच वेळी. मुलांच्या चित्रात जेवायला बसलेली माणसं ताटांच्या चारी बाजूंना पाकळ्यांसारखी आडवी पडलेली असतात. कुणाचीच पाठ दिसत नाही. भांडणाचा प्रसंग असा काढून बघा. एरवी आपण आपल्याच जागेवरून बघत असतो, या नियमानं समोरच्याच्या जागेवरही हात जाऊन येतो.

चौथा नियम: जमिनीची रेघ. सात-आठ वर्षांचं मूल कागदाच्या तळाशी एक रेघ मारतं आणि झाड, माणूस, कुत्रा, सगळ्यांना तिच्यावर उभं करतं. तुमच्या चित्रात ती रेघ आहे का, आणि तिच्यावर कोण उभं आहे? नोकरी गेलेल्या एका काकांनी भिडे पूल काढला होता, पावसाळ्यात धरणातून पाणी सोडल्यावर बुडतो तसा. गाड्या, माणसं, रिक्षा सगळं वर अधांतरी तरंगत होतं. रेघ होती, पण पाण्याखाली. काकांनी ती ठरवून काढली नव्हती.

चारही नियम एका चित्रात कोंबायची गरज नाही, एक पुरतो. माणसं, वस्तू नकोच असतील तर नुसते डाग, फटकारे, बोटांचे ठसेही चालतील. पायरी तीनमध्ये सापडलेल्या जागेकडे लक्ष ठेवायचं आणि हात चालू ठेवायचा.

पुसायचं नाही. नको वाटलं तर वरून रंग घालून झाकायचं. खाली काय झाकलं ते तुम्हाला माहीत असतं, आणि ते झाकणंही चित्राचाच भाग आहे.

*हात अडला तर: मेणबत्तीचा खेळ.* कोऱ्या कागदावर पांढऱ्या मेणबत्तीनं, दाबून, ते न बोललेलं वाक्य लिहा. दिसणार काहीच नाही. मग ताकाहून पातळ, जवळजवळ रंगीत पाणीच म्हणावं असा रंग मोठ्या ब्रशनं वरून फिरवा. मेणावर पाणी ठरत नाही, त्यामुळे अक्षरं पांढरी उमटतात. रंग घट्ट झाला तर तो मेणावरही बसतो आणि वाक्य कायमचं गडप होतं. बहुतेकांचं पहिल्यांदा इथेच फसतं, म्हणून कोपऱ्यात एक आडवी रेघ मारून आधी करून बघा. वाक्य दिसलेलं नको असेल तर नंतर घट्ट रंगानं झाका. काहीजण तेवढ्यासाठीच हा खेळ खेळतात.

*दोघांत अबोला असेल तर: रेघ माझी, चित्र तुझं.* एकानं डोळे मिटून एक रेघ मारायची, दुसऱ्यानं तिचं काहीतरी करायचं. मग उलट. दहा रेघा होईपर्यंत बोलायचं नाही. डोनाल्ड विनिकॉट हे इंग्रज बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक मुलांशी ओळख करून घ्यायला हाच खेळ खेळत. वयात आलेला मुलगा आणि वडील यांच्यात तर तो कुठल्याही ‘चल, जरा बोलूया’पेक्षा बरा चालतो. वडिलांनी मुलाच्या रेघेत सुधारणा केली नाही, तर.

पायरी ६: थांबा

लाल, पिवळा, निळा ओल्यावर ओले चढत गेले की सगळ्याचा चिखल होतो. चिखल दिसायला लागला की तिथेच थांबायचं. कागद बाजूला, नवा कागद समोर, त्याच रंगांनी पुढे. पहिल्या कागदाला परत हात लावायचा नाही. हात हळू पडला, कडा नीट करू लागला, कोपऱ्यातली रिकामी जागा “भरून टाकू” असं वाटू लागलं, की ते संपलेलं असतं. वीस मिनिटांचा गजर लावला असेल तर तो घरातल्या साध्या घड्याळात लावा.

पायरी ७: वाळल्यावर बघा

ओलं चित्र बघून निकाल देऊ नका. पोस्टर कलर वाळला की फिकटतो आणि त्याची चमक जाते, चित्र वेगळंच दिसायला लागतं. एप्रिलमध्ये चहा होईपर्यंत वाळतं, जुलैमध्ये पंख्याखाली ठेवूनही दुसरा दिवस उजाडतो. गॅसजवळ धरून वाळवू नका, कागद वळतो आणि कधीकधी पेटतो.

मग चित्र भिंतीशी टेकवून ठेवा आणि पाच-सहा फूट लांब बसा. एकदा सरळ, एकदा उलटं करून. उलटं केलं की “नाक चुकलं” हे दिसेनासं होतं आणि वजन कुठे आहे ते दिसतं. स्वतःला एवढंच विचारा:

डोळा आधी कुठे जातो? कुठे जायचं टाळतो? रिकामं काय राहिलं? यातल्या एका डागाला बोलता आलं असतं तर तो ‘मी’पासून सुरुवात करून काय म्हणाला असता?

“याचा अर्थ काय?” हा प्रश्न नको. त्यानं माणूस परीक्षकाच्या खुर्चीत जाऊन बसतो.

रिकाम्या जागेकडे नीट बघा. एका आजींनी पूर्ण कागद तपकिरी फासला होता, वर डाव्या कोपऱ्यात बोटभर पांढरा चौकोन. त्या स्वतःच म्हणाल्या, “हा चौकोन मी रंगवायचा विसरले.” चित्र उलटं करून परत सरळ केल्यावर म्हणाल्या, “विसरले कुठे? ही माडी.” १२ जुलै १९६१, पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला तो दिवस. त्या तेव्हा दुसरीत होत्या आणि माडीवर होत्या. यापुढे त्या काही बोलल्या नाहीत, आम्हीही काही विचारलं नाही. चहा झाला.

पायरी ८: आता नाव द्या

राग, दुःख, टेन्शन. बहुतेकजण या तीन शब्दांत संपवतात. हे शब्द एवढे मोठे आहेत की त्यात काहीही मावतं आणि काहीच सापडत नाही. चित्र समोर ठेवून बारीक शब्द शोधा. मराठीत ते ढिगानं आहेत, आपण वापरायचे सोडलेत.

काहीतरी करायचं राहून गेलं आणि ते मधूनमधून आठवतं, ती रुखरुख. जुनं, खोल रुतलेलं, हात लावला की दुखतं, तो सल. आपल्याकडून झालं त्याबद्दल वाटते ती खंत. राग आहे पण करता काही येत नाही, ती चडफड. बोलायचं आहे पण बोलायची सोय नाही, ती घुसमट. इकडे जावं की तिकडे, ती घालमेल. कुणाची तरी वाट बघताना होते ती हुरहूर. निकाल लागायच्या आधीची धाकधूक. एकाच वेळी हजार विचार उठतात ते काहूर. कारण सापडत नाही, नुसतंच आभाळ उतरून येतं ते मळभ.

हे शब्द एकेका चिठ्ठीवर लिहून डब्यात ठेवा. चित्र वाळलं की चिठ्ठ्या काढून एकेक चित्राशेजारी धरायची. जुळतो तो शब्द लगेच कळतो, साडीवर ब्लाउजपीस लावून बघताना कळतं तसा. एकही जुळला नाही तर तुमच्या घरातला, गावाकडचा शब्द घ्या. एका बाईंनी “कसंनुसं” लिहिलं. अगदी बरोबर होतं ते, कारण चित्रही कसंनुसंच होतं.

या पायरीवरची चूक म्हणजे घाई. शब्द आधीच ठरला असेल आणि चित्र त्याला जुळत नसेल, तर चित्राचं ऐका. राग म्हणून बसलेल्यांच्या हाती शेवटी ‘खंत’ची चिठ्ठी आलेली मी अनेकदा बघितली आहे. उलटंही होतं. ‘मळभ’ म्हणत येणाऱ्यांच्या आत चांगली सणसणीत चडफड निघते.

जुळलेला शब्द चित्राच्या मागे लिहा, तारीख घाला. पुढच्या बाजूला काही लिहू नका, सही तर नकोच.

मूल शेजारी येऊन बसलं तर

बसू द्या, वेगळा कागद द्या. त्याचं चित्र तुमच्यापेक्षा मोकळं येणार, हे मान्य करून टाका.

त्याला “हे काय आहे?” विचारू नका. त्या प्रश्नात “मला कळलं नाही” असं दडलेलं असतं आणि मुलाला ते ऐकू येतं. “इथे तू खूप जोरात रंग दिलायस” असं दिसतं तेवढंच म्हणा, किंवा “सांगतोस का याच्याबद्दल?” म्हणा. नाही म्हणालं तर विषय संपला. त्याच्या चित्राला हात लावून कान, शेपूट दुरुस्त करू नका.

आणि त्याच्या चित्रावरून निदान करू नका. मुलीनं सगळं काळं रंगवलं म्हणून घाबरून एक आई आल्या होत्या. डब्यात टोक शाबूत असलेला तेवढा एकच खडू उरला होता. सलग कित्येक आठवडे तीच भीतीदायक गोष्ट येत असेल आणि सोबत झोप, जेवण, शाळा बिघडली असेल, तर बालरोगतज्ज्ञांशी किंवा शाळेच्या समुपदेशकांशी बोला. चित्र त्यांच्यापुढे पुरावा म्हणून आपटू नका.

हे कधी करू नये

रडू आलं तर घाबरायचं कारण नाही. ब्रश खाली ठेवा, पाणी प्या, खिडकीशी उभं राहा. बहुधा दहा-पंधरा मिनिटांत ओसरतं. पण हात कापू लागले, जुना प्रसंग आत्ता घडतोय असं वाटू लागलं, किंवा बैठकीनंतर दोन-तीन दिवस झोपच आली नाही, तर हे एकट्यानं पुढे चालवू नका. अपघात, अत्याचार, नुकताच झालेला मृत्यू यांसाठी समुपदेशक किंवा मनोविकारतज्ज्ञ सोबत हवा. जीव नकोसा वाटत असेल तर कागद-रंग राहू द्या, ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर लगेच फोन करा. ही सरकारी, मोफत सेवा चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

ठेवणं, टाकणं, आवरणं

चित्राचा फोटो काढून स्टेटसला ठेवणं ही शेवटची आणि फार लोकप्रिय चूक. तीन अंगठे आणि एक “मस्त गं!” आलं की पुढच्या रविवारी तुमचा हात त्या अंगठ्यांसाठी चालतो. फ्रिजवर लावू नका, पाहुणे विचारतात. मी एकदा लावलं होतं. विचारल्यावर “अॅब्स्ट्रॅक्ट आहे” असं सांगून वेळ मारून नेली आणि ते चित्र मला त्या दिवसापासून खोटं वाटायला लागलं.

एक जुनी फाइल घ्या, त्यात तारखेनुसार ठेवत जा आणि तीन महिने उघडू नका. तीन महिन्यांनी सगळी जमिनीवर मांडली की एखादा रंग, एखादी रिकामी जागा परत परत आलेली दिसते. एका चित्रात ते कधीच दिसत नाही. ठेवायचंच नसेल तर फाडा. फाडायलाही हात लागतो, त्यामुळे तेही सावकाश करा. तुकडे सुक्या कचऱ्यात. भावनेच्या भरात मुठेत विसर्जन नको, नदीला तिचं पुरेसं झालंय.

ब्रश लगेच धुवा. पोस्टर कलर ब्रशच्या मुळाशी वाळला की केस फाकतात आणि ब्रश झाडूसारखा होतो. धुतल्यावर आडवा किंवा केस वर करून वाळवा, मगात केसांवर उभा ठेवू नका. बाटल्यांची तोंडं चिंधीनं पुसून मगच झाकणं लावा, नाहीतर पुढच्या वेळी पक्कड शोधावी लागते. पावसाळ्यात वाटीत उरलेला पातळ रंग साठवू नका, चार दिवसांत त्याला वास येतो आणि वर बुरशी धरते. आणि मगातलं रंगाचं पाणी ओतण्याआधी शेजारचा चहाचा कप कुठला आणि मग कुठला, हे एकदा नीट बघून घ्या.